डोळे नसलेली होडी

सासूबाईंच्या गुडघ्यांना चढण सोसत नाही, म्हणून सागरचित्रांच्या प्रदर्शनाला त्यांना हाताला धरून मी नेलं. काम एवढंच. देवमाशाच्या देवळामागचं सभागृह. बाहेर वाळत घातलेल्या मासळीचा वास, आत ओल्या रंगाचा. आमचं लग्न नवं, आणि विन्ह समुद्रावर.

सासूबाई फुलं वाहायला देवळात थांबल्या. मी भिंतीवरच्या लाटा बघत फिरले. कोपऱ्यात पेन्सिलीचं एक रेखाचित्र होतं. एकच होडी, मागे कोरा समुद्र. खाली लिहिलेलं, ‘लामची’. लाम म्हणजे माझे थोरले दीर; मी त्यांना फक्त देव्हाऱ्यातल्या फोटोत पाहिलंय. बाकी सगळ्या होड्यांच्या पुढच्या टोकावर दोन-दोन डोळे होते, हिच्या मात्र नव्हते.

आमच्याकडे डोळे रंगवल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. चित्रकाराचं राहून गेलं असणार. चित्रावर काच नव्हती, आणि पर्समध्ये भुवयांची पेन्सिल होती. उजवा डोळा जरा तिरपा झाला. माझ्या भुवयाही तशाच होतात.

“काय केलंस गं?”

मागे सासूबाई. आवाज अगदी खाली.

“राहिले होते, आई...”

“राहिले नव्हते. ठेवले होते.” त्या भिंतीला टेकल्या. “न परतलेल्या होडीला डोळे देत नाहीत, पोरी. दिसायला लागलं, की ती आपली माणसं शोधते... न्यायला.”

मी बोटाने पुसू लागले. रेघ पसरली, पण गेली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. विन्ह. मागे इंजिनाची धडधड.

“अगं, काय धुकं हे! पण नशीब बघ, एक होडी भेटलीय, तिच्या मागोमाग निघालोय. मघाशी वळली तेव्हा पाहिलं, एक डोळा थेट तुझ्या भुवईसारखा तिरपा! कुणा गाढवाने रंगवलाय...”

“मागे फीर. विन्ह, ऐक... मागे फीर!”

“काय? थांब, कुणीतरी हात करतंय. दादासारखा...”

पुढे फक्त पाण्याचा आवाज. मग तोही नाही.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि चित्राकडे बोट केलं. मघाशी तो समुद्र कोरा होता. आता लामच्या होडीमागे आणखी एक होडी होती, पेन्सिलीचीच, बारीक रेघांची.

तिला डोळे नव्हते.