रस्त्याकडचं फाटक

कुर्रावीनच्या स्टेशनवर उतरली ती एकटी नेरिडा, आणि न्यायला आलेला क्लेमही एकटाच. तरी दोघं किती तरी वेळ एकमेकांना सोडून तिसऱ्याच कुणाला तरी शोधत राहिले! त्याला सांगितलं होतं, स्वयंपाकाला ग्लॅडिसबाई येणार, पन्नाशीच्या. आणि तिनं गृहीत धरलेलं, मेंढ्यांच्या मळ्याचा मालक म्हणजे पोट सुटलेला कुणी म्हातारा असणार.

"ग्लॅडिस... बाई?" शेवटी त्यानं हॅट काढत विचारलं.

"मावशीचा गुडघा सुजलाय. मी भाची, नेरिडा. आणि असं बघू नका, मला रांधता येतं. बॅलरटला आमची बेकरी आहे."

"छे, मी कुठे बघतोय..."

बघत होता हो! कान लालबुंद झाले होते त्याचे.

इथला फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, ऊन नुसतं भाजून काढत होतं. पिकअप धूळ उडवत निघाली, मागे कुत्रं जीभ काढून बसलेलं. डांबरी रस्ता सोडला आणि एका फाटकापाशी क्लेमनं गाडी थांबवली. थांबवली ती थांबवलीच. तो फाटकाकडे बघतोय, ही त्याच्याकडे.

"काही बिघडलं का?" तिनं विचारलं.

"नाही. फाटक आहे."

"दिसतंय की."

"म्हणजे... आमच्याकडे... शेजारी बसेल त्यानं उतरून उघडायचं असतं. गाडी गेली की लावायचं."

"आणि चालवणाऱ्यानं?"

"त्यानं बघत बसायचं."

"वा! बरं आहे की तुमचं!"

उतरली बिचारी. पांढरे बूट मातीत रुतले, साखळीचा आकडा हट्टाला पेटला, आणि गाडी पुढे गेली तशी मूठभर धूळ नाकातोंडात गेली. शिंकत शिंकत येऊन बसली, तर हा गालातल्या गालात हसतोय.

"अजून दोन आहेत," तो म्हणाला.

घरी क्लेमची आई थेल्मा, हात गळ्यात बांधून खुर्चीत बसलेली. ऐन लोकर कातरायच्या हंगामात ती दारच्या ओट्यावरून पडली होती, म्हणून तर स्वयंपाकीण हवी होती. हात मोडला तरी जीभ शाबूत होती. "मुली, पहाटे चूल पेटली पाहिजे. आधी न्याहारी, मग दहाचा चहा, मग जेवण, मग पुन्हा चहा, मग रात्रीचं. गडी उपाशी राहिले की कात्री मेंढीवर नाही, माझ्यावर चालते!"

पहिल्या दिवशी नेरिडाला रडू कोसळायचंच बाकी होतं. भट्टीसारखं स्वयंपाकघर, मटणाच्या चापांचा ढीग, आणि कातरणीच्या पत्र्याच्या शेडमधून लोकरीचा तो चिकट, तेलकट वास. पण तिनं ताजे स्कोन, छोटे गोडसर पाव, काढले आणि शेडमध्ये नेले. सगळ्यात म्हातारा गडी बर्ट, त्यानं एक तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"क्लेम, लेका," तो ओरडला, "मेंढ्या विकून टाक. ही पोरगी ठेव!"

शेडभर हशा पिकला. क्लेम एका मेंढीमागे असा काही वाकला की चेहराच दिसेना.

संध्याकाळी तो पाणवठे बघायला निघे आणि रोज काही तरी निमित्त काढून तिला बरोबर नेई. फाटक उघडायला माणूस लागतं ना!

"मी येण्याआधी कोण उघडत होतं?" तिनं एकदा विचारलं.

"मीच."

"मग मोठी अडचण होत असेल."

"आता होणार," तो म्हणाला, "तू जाशील तेव्हा." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. गुलाबी काकाकुव्यांचा थवा कलकलाट करत डोक्यावरून गेला. तिनं खिडकीतून मान काढून पक्षी मोजायला घेतले... बरं झालं, किती झाले ते त्यानं विचारलं नाही.

पण पुढे पाणवठ्यावर तो उतरला, हौद बघून आला. गाडी सुरू करता करता म्हणाला, "आईचे हात बघितलेस? तिचं सगळं आयुष्य त्या चुलीपुढे गेलं. जवळची शेजारीणसुद्धा तासाभराच्या अंतरावर. मी ठरवलंय, हे आयुष्य कुणाला मागायचं नाही."

नेरिडा खिडकीबाहेर बघत राहिली. हंगाम संपत आला होता. संपला की तिची परतीची रेल्वे.

आणि त्यातच तिनं तो घोळ घातला. रविवारी क्लेम कुंपण दुरुस्त करत होता. ती एकटीच त्याला चहा द्यायला चालत गेली. परतताना लांबच्या कुरणाचं फाटक सताड उघडं! धांदरट कुठला, असं म्हणत तिनं ते नीट लावलं आणि मोठ्या ऐटीत घरी आली.

सोमवारी दुपारी ती बटाटे वाढत होती. थेल्मा म्हणाली, "लांबचा कळप आज पाणी प्यायला हौदावर दिसला नाही."

नेरिडाच्या हातातला डाव खाली पडला. "क्लेम... ते फाटक... मी लावलं!"

तो ताटावरून उठलाच. ही ॲप्रनसकट मागे धावली. गाडी पुरती थांबायच्या आत उडी टाकून तिनं साखळी ओढली. पलीकडे मेंढ्या फाटकाला चिकटून उभ्या होत्या, तोंडं उघडी, धापा टाकत. फाटक उघडताच लोंढा सुटला, ती धाडकन मातीत बसली. एक मेंढी मात्र उठेना. नेरिडानं क्लेमची हॅट ओढली, पळत जाऊन हौदातून भरून आणली, तिच्या तोंडाला लावली. आणखी एकदा. मग आणखी एकदा. शेवटी ती मेंढी उठली, हिच्या पायावर पाय दिला आणि चालती झाली!

आता मात्र नेरिडा हुंदके देऊन रडली.

"उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद," क्लेम हळूच म्हणाला. "जसं दिसलं तसंच सोडायचं. मीच सांगायला हवं होतं." तिच्या गालावरचा चिखल पुसायला त्यानं हात पुढे केला... आणि मागे घेतला.

घरी थेल्मा खो खो हसली. "अगं, मी नवी होते तेव्हा तर फाटक उघडं टाकून अवेळी मेंढे मेंढ्यांत सोडले होते! भर थंडीत कोकरं झाली. ओव्हनच्या दारात ठेवून जगवली एकेक. वर्षभर रडले मी, ते खरं. पण कुणी जा म्हणालं असतं, तर गेले नसते. हे माझ्या त्या गाढव लेकाला कुणी सांगावं?"

कातरणी संपली. सकाळी तिची रेल्वे होती. क्लेमनं तिची पेटी पिकअपमध्ये ठेवली. पहिलं फाटक तिनं उघडलं, लावलं. दुसरंही. विचार ना रे, विचार ना... पण छे! त्याची नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट.

रस्त्याकडचं फाटक आलं. ती उतरली, उघडलं. गाडी बाहेर गेली. तिनं फाटक ओढलं, आकडा अडकवला. आज तो हट्टाला पेटला नाही.

क्लेम वाट बघत होता. मग त्यानं आरशात पाहिलं आणि खाली उतरला.

"नेरिडा! तू आतच राहिलीस!"

"माहितेय."

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

"अगं पण... ते चुलीपुढचं... मी ठरवलंय ना, कुणाला..."

"मागायचं नाही. ऐकलंय मी. मग तू कुठे मागितलंस?" तिची हनुवटी वर होती. "फाटक मी लावलंय. समजून उमजून. आता बोल, बाहेरच उभा राहणार आहेस का?"

लांबून रेल्वेची शिटी आली. क्लेमनं हॅट भिरकावली, फाटकावर पाय दिला आणि उडी मारून आत! मागच्या कुत्र्यानं भुंकून भुंकून आकाश डोक्यावर घेतलं. त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

बऱ्याच वेळानं पेटीसकट पिकअप घराकडे वळली. पुढचं फाटक आलं. क्लेम थांबला. नेरिडा हलेना.

"उतर की," तो म्हणाला.

"आज तू. आज माझं लग्न ठरलंय."

आणि क्लेम खरंच उतरला. ती मात्र बघत बसली.