कळपामागचा माणूस

२००६ साली मी जालन्यात, गांधी चमनच्या मागच्या गल्लीत, बियाण्याच्या एका दुकानावरच्या खोलीत काम करत होतो. धर्मराज नावाच्या माझ्याच वयाच्या माणसाने तिथे चार कॉम्प्युटर मांडले होते. पुण्याची एक कंपनी परदेशातून व्हिडिओ गेमची कामं घ्यायची आणि त्यातली किरकोळ कामं आमच्याकडे पाठवायची. किरकोळ म्हणजे रांजण, बैलगाड्या, बाभळी, पडक्या भिंती. खेळणारा ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही अशा वस्तू. खालून बियाण्याला चोळलेल्या औषधाचा वास यायचा, दुपारी लाइट जायची, इन्व्हर्टर कुरकुरायचा, आणि आम्ही बाभळीला काटे लावत बसायचो.

माणूस करायचं पहिलं काम उन्हाळ्यात आलं. खजिना शोधणारा एक गोरा शिकारी दख्खनच्या माळरानावर येतो आणि तिथे लुटारूंच्या टोळ्या त्याच्यावर तुटून पडतात, असा तो खेळ होता. लुटारू आम्ही करायचे होते. नमुना म्हणून एक फोटो पाठवला होता. लाल फेटा, खांद्यावर काळी घोंगडी, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात उंच काठी.

तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो. माझे वडील जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला येण्याआधी असेच दिसायचे. माझे चुलते अजूनही असेच दिसतात.

"धर्मराज, हा लुटारू न्हाई. धनगर हाय."

"असंल ना. गेम हाय यार, कोनाला तरी मारावंच लागतं त्याच्यात."

"मंग घोंगडीवालाच का?"

वाईट माणूस नव्हता तो. त्याने पुण्याला फोन लावून माझ्या हातात दिला. तिथल्या मॅडम शांत बोलायच्या. मी म्हणालो, माळावर मेंढपाळ दाखवायचा तर खराखुरा दाखवू. वाट चुकलेल्या खेळाडूला तो रस्ता सांगेल. मॅडम म्हणाल्या, "एक नमुना करून पाठवा, बघू."

कुंभार पिंपळगावच्या शिवाराला लागून माझ्या चुलत्यांची वस्ती आहे. राधाकिसन त्यांचं नाव. आम्ही त्यांना नाना म्हणतो. मी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा ते मेंढरं कोंडायच्या वाडग्यात एका लंगड्या मेंढीचा खूर बघत होते.

"मला घेऊन काय करता त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"वाट चुकलेल्याला रस्ता दाखवायचा, नाना."

"ते तर मी आत्ताबी करतो." ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "मारामारी असती म्हनं त्या खेळात. मला कोनी मारनार तर न्हाई?"

"न्हाई. मी मारू देनार न्हाई."

मी त्यांचे चहूबाजूंनी फोटो काढले. कळपामागे चालताना, काठीवर हनुवटी टेकून उभे राहताना चित्रफीत घेतली. आसराबाई काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नाना पडद्यावर उभे राहिले तेव्हा धर्मराजसुद्धा खुर्चीवरून उठला. घोंगडीची दशी न् दशी जमली होती. मी मेंढरंही केली. नाना पुढे निघाले की ती मागे चालायची, ते थांबले की त्यांच्याभोवती गोळा व्हायची.

पुण्याहून उत्तर आलं की काम फारच आवडलं आहे. चेहरा जिवंत आहे. हाच चेहरा सगळ्या लुटारूंना वापरायचा.

मी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "मल्हारी, खेळणाऱ्याला कुठे कळणार आहे तो कोणत्या समाजाचा आहे ते?"

"मला कळतं. नानाला कळतं."

"तुम्हाला तुमची माणसं दिसायला हवी होती ना? दिसतायत ना आता?"

"दिसतात. मरण्यापुरती."

त्यांनी सुस्कारा सोडला. पण मी सोडलं नाही. चेहरा माझ्या चुलत्याचा आहे, त्यांनी तो वाट दाखवायला दिला आहे, मरायला नाही, असं मी फोनवर सांगितलं आणि मेलवर लिहूनही पाठवलं. धर्मराजला म्हणालो, माझं काम गेलं तरी चालेल.

परदेशातल्या लोकांना वाद नको होता. त्यांनी निर्णय पाठवला की मेंढपाळच काढून टाका. लुटारू दुसरे कोणी करू, माळ मोकळा ठेवा. फाइली, फोटो, चित्रफिती सगळं पुसा, म्हणजे उद्या कोणाची तक्रार नको.

धर्मराजने माझ्यासमोर सगळं पुसलं. "तुला पाह्यजे होतं तसंच झालं ना? आता कोनी मारत न्हाई त्यांना."

तसं झालं नव्हतं, पण काय चुकलं ते त्याला समजावता येईना.

मेंढरं मात्र खेळातल्या माळावर राहिली होती. ती कोणाला खुपत नव्हती. काम संपवताना मी एकदा तो माळ उघडून पाहिला. मेंढरं एका जागी गोळा झाली होती. मधे एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा सोडून सगळी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी होती. थोड्या वेळाने ती जागा पुढे सरकली आणि कळप तिच्या मागे चालायला लागला. जुन्या आज्ञा कुठेतरी शिल्लक राहिल्या असतील म्हणून मी शोधल्या. सापडल्या नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून काकूंचा फोन आला. "मल्हारी, येऊन जा बाबा. लोकं नानाकडं ध्यानच देईनात."

गावात भांडण झालं असेल, असं मला वाटलं. चराईवरून कुरबुरी होतातच. कोणी वाळीत टाकलं असेल तर सरळ पोलिसात जायचं, असं ठरवूनच मी निघालो. पिंपळगावच्या स्टँडवर नाना घ्यायला आले होते. शेजारीच संपतचं हॉटेल आहे. आम्ही दोघं फळीसमोर उभे राहिलो.

"दोन चहा."

संपतने एकच कप पुढे केला.

"दोन म्हनलो मी."

"दुसरा कोनाला?" त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. नाना माझ्या बाजूलाच उभे होते. संपत थट्टा करणारा माणूस नव्हता, आणि नानांची नि त्याची दोस्ती जुनी होती.

"बघ," नाना हळूच म्हणाले. "आधी वाटलं रुसलेत. पन कोनाशी रुसायचं तर त्याच्याकडं बघावं लागतं."

त्यांना डॉक्टरकडून तपासून आणू म्हणून मी तिथूनच अंबडची एसटी धरली. कंडक्टर बाहेरच्या डेपोचा, आम्हाला न ओळखणारा. मी दोन तिकिटं मागितली. तो म्हणाला, "दुसरा मागून चढनार हाय का?" पुढच्या थांब्यावर पिशवी घेतलेली एक बाई चढली आणि थेट नानांच्या मांडीवर बसायला लागली. नाना चटकन उठून दांडीला धरून उभे राहिले. बाई आरामात टेकली, पिशवी पायाशी ठेवली आणि मला म्हणाली, "जरा सरकता का?"

आम्ही पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि माळातून चालत वस्तीवर परत आलो. वस्तीवरचं कुत्रं मात्र लांबून धावत आलं आणि नानांच्या पायात घुटमळलं. मेंढरांनी माना वर केल्या आणि ती त्यांच्याभोवती गोळा झाली.

ते गोळा होणं मी पडद्यावर पाहिलं होतं.

काकूंनी जेवायला वाढलं. दोन ताटं. भाकरी मोडता मोडता त्यांनी एकदम हात थांबवला आणि कपाळाला लावला. "अगं माय! पुढ्यात बसलेला मानूस ध्यानात राह्यना गेला." त्या उठून तिसरं ताट आणायला गेल्या आणि आत गेल्यावर तिथेच उभ्या राहिल्या. कशासाठी आलो ते त्यांना आठवत नव्हतं. नानांनी स्वतः उठून ताट घेतलं.

मी जालन्याला परतलो. धर्मराजला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण त्याचा विश्वासही बसला नाही. नानांच्या फाइलींबद्दल पुण्याला विचारलं, तिथेही काही ठेवलं नव्हतं. मग आठवून पुन्हा करायला बसलो. फेटा जमला. घोंगडी जमली. काठी जमली. फेट्याच्या खाली काहीच येईना. लहानपणापासून पाहिलेला तो चेहरा, नाक कसं होतं तेही मला सांगता येत नव्हतं.

"मशीन घेऊन जातो," मी धर्मराजला म्हणालो.

"किती दिवस?"

"होईपर्यंत."

त्याने स्वतः वायरी सोडवल्या आणि कॉम्प्युटर गादीत गुंडाळून टेम्पोत ठेवू लागला.

वस्तीवर पोचलो तेव्हा खाटेवर नुसती घोंगडी होती.

"आलास?" घोंगडीच्या वर, मोकळ्या हवेतून नानांचा आवाज आला. "काकूला जरा समजाव. सकाळधरनं रडून राह्यली."

मी डोळे चोळले. काही दिसेना. हातपाय गाळायची ती वेळ नव्हती. खिडकीपाशी मशीन मांडलं, शेजारच्या पंपाच्या खोलीतून वायर ओढली आणि खाटेसमोर उकिडवा बसलो.

"नाना, पुढं व्हा. तोंड इकडं करा."

मी दोन्ही हात पुढे केले. हाताला गरम, खरखरीत कातडी लागली. वाढलेली दाढी. दाढीखाली तंबाखू चघळणारा जबडा.

मी रडलो नाही. कपाळापासून सुरुवात केली.

एक सुरकुती बोटाने शोधायची, ती कुठे सुरू होते, कुठे विरते, ते मनात धरायचं आणि पडद्यावर उतरवायचं. पुन्हा हात लावायचा. पुन्हा उतरवायचं. लाइट दुपारची गेली की नुसतं चाचपत बसायचो, म्हणजे हाताला विसर पडायला नको. काकूंचाही हात धरून मी त्या चेहऱ्यावर ठेवला. त्या आधी दचकल्या. मग त्यांची बोटं आपोआप चालायला लागली.

"नाक एवढं सरळ न्हाई," पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या. "बैलानं हानलं होतं लग्नाच्या साली. हितं वाकडं कर."

मी वाकडं केलं.

खाटेवर नाक दिसलं.

काकूंनी माझा दंड धरला. मी काम चालू ठेवलं. कान केले, कान दिसले. गालाची खळगी केली. गळ्याच्या शिरा केल्या.

"दिसून राह्यलो का?" नाना विचारायचे.

"थोडं थोडं."

"मंग थांबू नको."

थांबलो नाही. बोटं सुजली, डोळे जळजळायला लागले. काकू भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात घालायच्या.

नाना पुरे झाले तेव्हा मी त्यांना पडद्यावरच्या माळावर, मेंढरांच्या त्या मोकळ्या जागेत उभं केलं. मेंढरं गप्प झाली आणि चरायला लागली. मग गावातून पुण्याला निरोप धाडला. हा माणूस शत्रू नाही आणि गाळायचाही नाही. तो नको असेल तर माझ्या हातची बाभळ न् बाभळ, बैलगाडी न् बैलगाडी काढून घ्या. धर्मराजने त्याखाली आपलं नाव घातलं. फोनवर तो मॅडमना म्हणाल्याचं मला नंतर कळलं, "आमच्याकडचा माळ पाह्यजे तर मानसासकट घ्यावा लागंल."

बरेच दिवस ताणलं. शेवटी पुण्याने मान्य केलं. खिंडीच्या तोंडाशी एक मेंढपाळ उभा राहील, काठीने वाट दाखवेल, आणि त्याच्यावर कोणतंही हत्यार चालणार नाही.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी पिंपळगावला गेलो. लांबूनच संपतची हाक ऐकू आली, "राधाकिसन! कुठं गेल्तास रे एवढे दिवस?" लोक नानांच्या पाठीवर थाप मारत होते. लोकरीचा व्यापारी त्यांच्याशी हुज्जत घालत होता. मी फळीपाशी पोचलो तेव्हा संपतने न सांगता दोन कप ठेवले. मला एकदम हलकं वाटलं. हे आपण करून दाखवलं, असं कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

नाना बाकावर बसले होते, उन्हाकडे तोंड करून. मी शेजारी टेकलो आणि त्यांचा चेहरा निवांत न्याहाळला. वाकडं नाक, गालाची खळगी, मानेवरच्या शिरा, सगळं हाताने केलेलं आणि सगळं बरोबर. डोळ्यांना तेवढा हात लावला नव्हता. बोट जाईल अशी भीती वाटली होती. तो भाग अंदाजाने करून मोकळा झालो होतो. डोळे चांगले टपोरे आले होते.

बाजारातून धुळीची एक वावटळ आली. संपतने तोंड फिरवलं, मी फडक्याने डोळे झाकले. धूळ बसल्यावर पाहिलं तर नाना तसेच उन्हात बघत बसले होते आणि लंगडी मेंढी आता कशी बरी आहे ते मला सांगत होते. चहावर घोंगावणारी एक माशी उडाली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर, बुबुळाच्या अगदी मधोमध बसली. तिने पुढचे पाय एकमेकांवर घासले. मग ती सावकाश चालत डोळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली.

नाना बोलतच होते.