सातव्या पायरीवरची दांडी

मोजफितीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि माझा सहकारी नेमका त्या दिवशी तापाने घरी होता. चौदा नंबरच्या घराच्या जिन्यात टोकावर पिशवी ठेवून मी वर चढायचे आणि फीत सर्रकन परत यायची. तिसऱ्यांदा ती आली नाही. वळून पाहिलं, तर खालच्या पायरीवर बसून एक जण टोक दोन बोटांत धरून होता.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही हलला नाहीत तर सांगते."

तो हलला नाही. पुढचे दोन महिने माझा सहकारी ठणठणीत असूनही फीत तोच धरत होता.

वसाहतकाळात बांधलेल्या एकवीस घरांची ती रांग. कुठलं घर किती मूळ राहिलंय ते पाहून त्याची वारसा-श्रेणी ठरवणं, हे माझं काम. पहिली श्रेणी मिळाली की आतल्या कशालाही हात लावता येत नाही. दुसरीत गरजेपुरते बदल चालतात. तो मला मोजणीबाई म्हणायचा, मी त्याला चौदा नंबर. वरच्या मजल्यावर त्याचे बाबा होते, एकेकाळचे सुतार. पक्षाघातानंतर दोन वर्षं ते खाली उतरले नव्हते. जिन्याच्या पोकळीत छोटी लिफ्ट बसवायची, त्यासाठी कठडा थोडा कापायचा, एवढीच बापलेकांची इच्छा होती. त्याने श्रेणीचा विषय माझ्याकडे एकदाही काढला नाही.

कठड्याबद्दल मात्र एका दुपारी सहज बोलला. मूळचा वाळवीने खाल्ला, तेव्हा बाबांनीच हुबेहूब नवा केला. फक्त एक उभी दांडी चुकून उलटी बसली. "शोध बघू," म्हणाला. मी पायरी पायरी बोट फिरवत गेले. सातव्या पायरीवर दांडीचा फुगवटा खाली असायचा तो वर होता.

"सापडली," मी म्हटलं.

"हो…" त्याचं बोट माझ्या बोटाशेजारी येऊन थांबलं. "मलाही."

त्या दिवशी मी तीन मापं चुकीची लिहिली.

मग ऑफिसात मोठ्या मॅडम हसत हसत म्हणाल्या, चौदा नंबरला तुझ्या फेऱ्या जरा जास्तच होतात. सगळे हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. संध्याकाळी पाहणीचा तक्ता भरताना कठड्यापुढे मी लिहिलं: मूळ. शेऱ्यात लिहिलं: बदलाची माहिती केवळ तोंडी, ग्राह्य नाही. पहिली श्रेणी. ताठ मानेने घरी गेले. मला वाटत होतं, मी फार मोठी प्रामाणिक आहे.

यादी जाहीर झाली तेव्हा तो ती घेऊन जिन्यात बसला होता. एकवीसही घरांचे शेरे त्याने वाचले होते.

"अकरा नंबरच्या काकू म्हणाल्या खिडक्या सासूबाईंनी बदलल्या, तू लिहून घेतलंस. सतरा नंबरवाले म्हणाले फरशी नवी आहे, तेही घेतलंस. अख्ख्या गल्लीचा शब्द चालला… माझाच नाही."

"लोक म्हणाले असते की—"

"म्हणू दे की. बाबा खाली उतरले असते."

मला रडू फुटलं. जे दोन महिने ओठांवर होतं ते भलत्याच वेळी बाहेर पडलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, म्हणूनच तर…"

"माहीत आहे," तो म्हणाला. "नसतं, तर मला परक्याइतका तरी न्याय मिळाला असता."

चार माणसांनी खुर्चीसकट बाबांना खाली आणलं. बापलेक दुसऱ्या गावी, त्याच्या बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरी गेले. चौदा नंबर विकलं गेलं.

मी दुरुस्तीचं पत्र दिलं. माझी चूक माझ्या सहीनिशी कबूल केली. पाच महिन्यांनी घर दुसऱ्या श्रेणीत आलं आणि मी जुन्या फायलींच्या खोलीत. नव्या मालकाने नियमाला धरूनच परवानगी मागितली: कठडा मूळचा नाही, सबब पूर्ण काढावा. पुरावा म्हणून माझंच पत्र जोडलं होतं.

मी गेले तेव्हा बाबांचा कठडा सुटा होऊन फुटपाथवर पडला होता. सुट्या दांड्यांत उलटी कुठली आणि सुलटी कुठली, सगळ्या सारख्याच. पण एकीला दोन्ही टोकांना खिळ्यांची भोकं जास्त होती; बाबांनी ती उपसून सरळ करायचा प्रयत्न केला असावा आणि मग राहू दिली असावी. ती छातीशी धरून मी त्याला फोन लावला.

"सापडली," मी म्हटलं.

त्याच्या मागून बाबांचा आवाज आला, कोण आहे रे?

"ऑफिसातल्या बाई आहेत, बाबा," तो म्हणाला. "घराचं काहीतरी विचारतायत."

मग मला म्हणाला, "तुम्हीच ठेवा ती," आणि फोन बंद झाला.