लाटेच्या माथ्यावरची तहान

दिवे गेले. सरोवराकाठच्या दुलूथ गावात, फिनिश लोकांच्या सभागृहात मी चाचपडत फ्यूजच्या पेटीशी पोहोचले, तर तिथे आधीच एक हात होता... गार.

"माझ्यामुळेच उडाला," हाताचा मालक म्हणाला. "माफी मागायचीय, पण कुणाची ते दिसत नाही."

"माझी मागा. मी नाचायला आले होते."

नवा फ्यूज बसला आणि रूबेन दिसला – केसांत सरोवरावरचं धुकं, गळ्यात गिटार, शेजारी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. सभागृह सांभाळणाऱ्या लेम्पीकाकूंनी निकाल दिला, त्याच तारेवर कॉफीचं भांडं आहे आणि कॉफी थांबणार नाही. शनिवारी पुन्हा अंधार झाला, तर गिटार या उंबऱ्याबाहेर.

दुसऱ्या दिवशी तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन माझ्या कारखान्यात आला. मी ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळते. आवाजातली घरघर जावी म्हणून त्याने आत वीज साठवणारे भलेमोठे कपॅसिटर बसवले होते. आमच्या धंद्यात हा मोह कुणाला चुकलेला नाही.

"फार हावरट झालाय हा," मी म्हणाले. "विजेच्या लाटेचा माथा आला की एका दमात गटकन पितो, एरवी कोरडा बसतो. काम थोडं, तारेवर ताण दुप्पट. कपॅसिटरच्या आधी चोक घालते, तारेचं एक वेटोळं, म्हणजे सावकाश पिईल. पण विजेचा दाब उतरेल... आवाज मवाळ होईल."

त्याने आवाजाची कळ उगाच मागेपुढे फिरवली.

"मोठ्यानं वाजवलं की लोक आवाजाकडे बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही."

"मी बघते –"

शब्द निसटला होता. मी मान खाली घालून तार गुंडाळू लागले.

"मग मवाळ चालेल, हेल्मी," तो म्हणाला.

शनिवारी मी नाचले नाही; फ्यूजच्या पेटीवर तळवा टेकून उभी राहिले. कॉफी खदखदू लागली. गेल्या वेळी ज्या गाण्यात अंधार पडला होता, ते गाणं आलं... आणि सरलं. दिव्यांची पापणीही लवली नाही. काकूंनी मुद्दाम भांडं पुन्हा भरून चढवलं. तरीही तो वाजवत राहिला, आणि गोंगाटाखाली इतके दिवस दडलेले सूर पाण्याखालच्या दगडांसारखे स्वच्छ दिसू लागले.

अखेर काकूंनी स्वतःचा अकॉर्डियन काढला. "पोरा, जरा बाजूला हो. ती पोरगी कधीची भिंतीला टेकून उभी आहे."

तो पेटीपाशी आला. माझ्या हातावर त्याचा हात आला, आता उबदार.

"आज सगळं दिसतंय," तो म्हणाला. "पण आज माफी नाही मागायची."

"मग काय मागायचंय?"

"तुला..."

मी पेटीवरचा हात उचलला आणि त्याच्या हातात दिला. भर उजेडात, साऱ्या सभागृहादेखत.