लिमालचा पूल

बेल्जियममधल्या वाव्र गावच्या पुलावर, अगदी मधोमध, ओदिल एका तरुणाला धडकली. दोघंही खाली मान घालून पावलं मोजत होती.

"अकरा," ती पटकन म्हणाली, आकडा विसरू नये म्हणून.

"माझी नऊ. पाय लांब आहेत ना..." तो हसला. "पण तुम्ही का मोजताय?"

"सवय. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे मी. आणि तुम्ही?"

"हसाल तुम्ही. कॉम्प्युटरवर नेपोलियनच्या काळातली लढाई खेळतोय, याच गावातली. माझी फ्रेंच फौज तीन आठवडे या पुलाशी अडकून पडलीय. म्हटलं, खरा पूल केवढा आहे ते तरी बघावं."

ओदिलने छत्री जरा खाली ओढली. त्याला अडवून धरणारी प्रशियन फौज तिचीच होती! रोज एक चाल ईमेलने जायची, सोबत सेनापतीच्या थाटातलं दोन ओळींचं पत्र. त्याची सही 'तिबो', तिची 'जनरल ओ.'

"समोरचा कसा आहे?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"चिवट म्हातारा! सत्तरीचा तरी असेल. एकेक शिपाई मोजून ठेवतो. पण पत्रं काय लिहितो... सकाळी कॉफीच्या आधी तीच उघडतो मी." त्याने फ्राइजचा पुडा पुढे केला. "घ्या, गरम आहेत. आता बघा त्याची गंमत. इथे नुसता देखावा करणार आणि सगळं घोडदळ शेजारच्या लिमाल गावच्या पुलावरून पलीकडे नेणार. तिथे त्याची एकच तुकडी आहे."

"मला कशाला सांगताय?"

"तुम्ही थोड्याच जाऊन त्याला सांगणार आहात?"

खरं सांगायला तिने तोंड उघडलं — आणि त्याची बस आली.

आता चाल तिची होती. दोन तुकड्या लिमालला हलवल्या की डाव खिशात. सतरा डावांत ती एकदाही हरली नव्हती. पण असं जिंकणं म्हणजे चोरीच... आणि खरं सांगितलं, तर उद्यापासून पत्र येईल का?

दोन दिवस तिने काहीच पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी चालीसोबत लिहिलं: 'पुलावर अकरा मोजणारी मीच. वय सत्तावीस. लिमालला एकही शिपाई वाढवलेला नाही. राग आला असेल, तर डाव सोडून द्या.'

दुपारी उत्तर आलं. पत्र वाचायचा धीर होईना, म्हणून तिने आधी चाल उघडली. पडद्यावर त्याचं घोडदळ दौडत लिमालला आलं... आणि पुलाच्या अलीकडेच थांबलं. एक घरही पुढे सरकलं नाही.

मग तिने पत्र वाचलं. 'जनरल, परवानगीशिवाय पूल ओलांडवेना. शनिवारी चार वाजता, खऱ्या लिमालच्या पुलावर ती मागायला येऊ का? आणि म्हातारा म्हणालो, त्याची माफी.'

ओदिलने लिमालची ती एकुलती एक तुकडी अलगद उचलली आणि मागच्या टेकडीवर नेऊन ठेवली. न लढता तिने आजवर कुठलीच जागा सोडली नव्हती.

पत्रात तिने एवढंच लिहिलं —

'पूल मोकळा आहे. फ्राइज आणा.'