पूर्वेच्या बुरुजाखालचे पाणी

मोरकडा किल्ल्याच्या पूर्वेकडील बुरुजावर उजाडले, तेव्हा पायथ्याशी टोपीकरांच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून दिसू लागल्या, आणि गेले सव्वीस दिवस गडावर आग ओकणाऱ्या त्यांच्या तोफा त्या सकाळी मात्र गप्प होत्या. तोफा गप्प झाल्या म्हणून गडावर कोणालाही हायसे वाटले नाही. ही शांतता कशाची, असे प्रत्येक जण मनात म्हणत होता, आणि संशय घ्यायला मोरकड्यावर एक माणूस आयताच होता.

त्याचे नाव मातियास केलर. स्वित्झर्लंडच्या डोंगरात जन्मलेला हा मोजणीदार पोटापाण्यासाठी मद्रासेस उतरला, तेथे इंग्रजांच्या पदरी आठ वर्षे साखळ्या टाकून त्याने मुलूख मोजला, आणि ती चाकरी सोडून मोरकड्याचे किल्लेदार हैबतराव सुर्वे यांच्या सेवेस आला. गडावरचा मोठा हौद आणि त्यातून बुरुजांकडे जाणारे पाट ही त्याचीच करणी. सात उन्हाळे गड ते पाणी प्याला, पण पिणाऱ्यांच्या मनातला किंतु काही गेला नाही. गड विकायचा नसेल तर हा गोरा तो रोज मोजतो कशाला, असे सबनीस अंताजीपंत उघड म्हणत.

त्या सकाळी केलर बुरुजाखालच्या तळघरात डफावर मोहरी पसरून बसला होता. जमिनीखाली कोठे कुदळ पडली की डफावरचे दाणे थरथरतात. तीन दिवस ते थरथरत होते, आज थांबले. तो तडक सदरेवर आला.

"किल्लेदारसाहेब, शत्रूचे भुयार तळघराच्या भिंतीला भिडले आहे. मोहरी थांबली, म्हणजे खणणे संपले. आता ते सुरुंगाची दारू भरतील. तिसऱ्या प्रहरी बुरूज उडेल."

"उपाय?" हैबतरावांनी विचारले.

"मी भिंतीला भोक पाडतो. मग पाटाची झडप उचला. हौदाचे पाणी तळघरातून भुयारात जाईल आणि दारू भिजेल."

"किती पाणी?"

"सगळे."

सदरेवर एकच गलबला उडाला. अंताजीपंत उठून उभे राहिले. हा माणूस लाचखाऊ नव्हता, भेकडही नव्हता. गडावर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच त्याच्या संशयाला धार होती.

"सरकार, ऐकावे. हे गृहस्थ म्हणतात, आपणच आपली भिंत फोडावी आणि आपणच आपले पाणी ओतून द्यावे. खुद्द शत्रूने याहून अधिक काय मागितले असते? शिवाय समोरचा तो प्रेंटिस कप्तान यांचाच चेला आहे. विचारावे त्यांना."

"खरे आहे," केलर म्हणाला. "मोजणी त्याला मीच शिकवली. म्हणून तर तो कसा खणतो ते मला ठाऊक आहे."

हैबतरावांनी बेलभंडाऱ्याचे ताट मागवले. "साहेब, आमच्याकडे शंका फिटते ती शपथेने. बेल उचलायचा नसेल तर आपल्या पोथीवर हात ठेवावा. एवढे केलेत की हौद आपल्या हवाली."

सुटले एकदाचे, असे सर्वांना वाटले. पण केलरचे हात मागेच राहिले.

"सरकार, क्षमा असावी. आमच्या पंथात शपथ निषिद्ध आहे, हत्यारही निषिद्ध आहे. माझे वडील शपथ नाकारून तुरुंगात गेले. आम्ही हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. त्यापुढे काही नाही."

शपथ न घेणारा माणूस त्या सदरेने जन्मात पाहिला नव्हता. खोट्या शपथा वाहणारे पुष्कळ पाहिले होते, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायची निदान रीत तरी होती! या प्रसंगाचे मला हसू येते, आणि मग त्या हसण्याची लाज वाटते.

हैबतरावांनी ताट बाजूला सारले. बुरूज पडला तर गडावरची चारशे माणसे, बायकापोरांसह, संगिनींपुढे उघडी पडणार होती. आणि हौद फुकट गेला तर तीच चारशे माणसे पाण्यावाचून तडफडणार होती. अखेर ते म्हणाले, "साहेबांनी तळघरात उतरावे. भोक पाडून वर यावे. ते वर आले की पंतांनी झडप उचलावी."

"आणि खाली फितुरी दिसली तर?" पंतांनी विचारले.

"तर त्यांची वाट पाहू नये. साहेब, कबूल?"

"हो," केलर म्हणाला, आणि त्याने पहार उचलली.

पाटाची झडप तळघराच्या तोंडाशीच होती. तिची साखळी दोन्ही हातांनी धरून अंताजीपंत उभे राहिले. पंचवीस पायऱ्या खाली, काळोखात, पहारीचे घाव पडत होते. पंत ते कान देऊन ऐकत होते. ऊन माथ्यावर आले. एकाएकी दगड ढासळले, आणि त्यामागून इंग्रजी बोलणे ऐकू आले. आधी परके आवाज, मग केलरचा. तो मोठ्याने, घाईघाईने, पुन्हा पुन्हा तेच काही सांगत होता. पंतांना इंग्रजीचे अक्षरही कळत नव्हते, पण गडाला भोक पाडून शत्रूशी बोलणाऱ्या माणसाबद्दल आणखी काय कळायचे राहिले होते?

"दगा!" पंत ओरडले, आणि त्यांनी अंगातले सारे बळ लावून साखळी ओढली.

हौद गर्जत खाली गेला. भुयाराच्या तोंडातून तांबड्या पाण्याचा लोंढा फुटला. त्याच्या पुढे गोरे शिपाई चिखलात लडबडत पळाले, आणि त्यांच्यामागून दारूची पिंपे वाहत आली. बुरूज जागचा हलला नाही. तळघराच्या पायऱ्या चढून मात्र कोणी वर आले नाही. फितूर बुडाला म्हणून पंतांनी शिंगे फुंकवली.

गड त्यानंतर नऊ दिवस घोटभर पाण्यावर लढला. दहाव्या दिवशी थकलेल्या इंग्रजांनी सन्मानाचा कौल दिला, आणि चारशे माणसे हत्यारांसह, बायकापोरांसह गड उतरली. पायथ्याशी प्रेंटिस कप्तान उभा होता. दुभाष्यामार्फत त्याने पहिलाच प्रश्न केला, "केलर कोठे आहे?"

"पाण्यात गेले," हैबतराव म्हणाले.

कप्तानाने टोपी काढली. "माझी अकरा माणसे त्या भुयारात होती. तो भोकातून ओरडत होता, पाणी येते आहे, सगळे टाका आणि पळा. अकराही जण आज जिवंत आहेत. त्याला स्वतःला वर यायला वेळ मिळाला नाही काय?"

दुभाष्याने सांगितले तेव्हा हैबतरावांची मान खाली गेली. अंताजीपंत दोन पावले पुढे आले. त्यांचे ओठ कोरडे पडून फुटले होते.

"वेळ होता," ते म्हणाले. "मी दिला नाही."

दुभाषा घुटमळला. हे साहेबास कसे सांगावे, असे त्याने हलकेच विचारले. पंतांनी त्याला ते जसेच्या तसे सांगायला लावले, आणि सांगून होईपर्यंत ते तेथून हलले नाहीत.