काचेखालची तबकडी

मांडवाच्या दारात मी मोगऱ्याची टोपली उतरवली आणि समोर पाहिलं. एक तरुण माणूस हातातल्या ग्रामोफोनच्या तबकडीकडे बघत बसला होता. चुलीवरची भाकर करपली की बाई बघते ना, तसा.

"हसू नको," तो मान वर न करता म्हणाला.

"मी कोठी हसली?"

"हसून राहिली. मले आवाज आला."

खरंच हसले होते मी. तबकडी उन्हात वाळलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती.

दिवस वैशाखाचे होते. पातुरात देवमनकाकांच्या शालूचं लग्न होतं, आणि हार-मुंडावळ्या आमच्या मळ्यातल्या. काकांनी हौसेनं अकोल्याहून भोंगेवाला बोलावला होता, तो हा भगवंत. त्याच्या मालकानं नवी मशीन घेतली होती. मधल्या दांड्यावर तबकड्यांची चळत लावून ठेवायची. एक वाजून संपली की दुसरी आपोआप खाली पडते आणि सुई तिच्यावर जाऊन बसते. असं काही आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. पण तबकड्यांची पेटी मोटारीच्या टपावर होती, आणि मोटार वाटेत बंद पडून भर उन्हात उभी राहिली. त्या तबकड्या लाखेच्या, मऊ पडल्या आणि वाकल्या. आता मशीनवर लावल्या की दोन-दोन एकदम पडत आणि सुई घसरत जाई.

लग्न संध्याकाळचं होतं. मालकानं त्याला बजावून पाठवलं होतं, की मशीन चालली तर ती तुझ्याच हाती राहील. नाही तर पुन्हा भोंगे बांधायला झाडावर चढायचं.

"उपाय हाय," भगवंत म्हणाला. "दोन सपाट काचांच्या मधात तबकडी ठेवायची आन् उन्हात घालायची. ज्या उन्हानं वाकवली, तेच सरळ करते. पण एवढ्या मोठ्या काचा इथं कोठी भेटतीन?"

एक आरसा काकांच्या घरात होता. दुसरी काच आमच्या घरी होती... माझ्या फोटोवरची. स्थळाकडे मुलीचा फोटो आधी पाठवायचा, अशी तेव्हा पद्धत पडू लागली होती. बाबांनी अकोल्याच्या स्टुडिओत माझा मोठा फोटो काढून, काचेच्या चौकटीत बसवून आणला होता. सोमवारी स्थळं जुळवणाऱ्या दुर्गाबाई तो घेऊन तिवशाला जाणार होत्या. मी कुणाला न विचारता चौकट पदराखाली घेतली आणि पळत आले.

भगवंतानं फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"भेली होती का फोटो काढताना?"

"तो माणूस काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. तुमी नसते भेले?"

"कोणासाठी काढला?"

"तिवशाच्या पावण्यांसाठी."

"असं..." तो म्हणाला. फोटो हलक्या हातानं काढून, धूळ लागू नये म्हणून त्यानं तबकडीच्या रिकाम्या कागदी पाकिटात सरकवून पेटीत ठेवला.

मग आम्ही कामाला लागलो. काचांमध्ये तबकडी घालून उन्हात धरायची, मऊ झाली की लिंबाच्या सावलीत आणून वर पाटा ठेवायचा, गार होईस्तोवर हात लावायचा नाही. मोगऱ्यावरचं ओलं पोतं मी थोडं त्याच्या डोक्यावरही टाकलं. मशीनला लहान-मोठ्या तबकड्यांसाठी वेगळा खटका होता. दोन्ही मिसळल्या तर सुई चुकीच्या जागी उतरायची. म्हणून मी मापाप्रमाणे निवडून देत होते आणि तो एकेक पुसून पेटीत लावत होता.

"कोणती कोठी ठेवली, ध्यानात कसं राहते?" मी विचारलं.

"हातानं समजते. झोपेत विचार, सांगीन."

मी त्याला डोळे मिटायला लावले. हाताला लागेल ती तबकडी तो बरोबर ओळखत गेला. मग त्याचा हात पेटीच्या काठावरच्या माझ्या बोटांवर आला... आणि थांबला.

"ही नवी दिसते," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते.

मी हात काढून घेतला. पण लगेच नाही.

संध्याकाळी मशीन वाजली. पंगत वाढली तरी लोक उठेनात. एकेक तबकडी टपकन पडताना बघत बसले. एक तबकडी थोडी वाकडीच राहिली होती. तिच्यातली बाई खाचखळग्यांच्या रस्त्यावरच्या बैलगाडीत बसून गात असल्यासारखी वाटे. देवमनकाकांनी तीच पुन्हा लावायला सांगितली. दर तबकडी पडली की भगवंत गर्दीतून माझ्याकडे बघे. आणि मी... मी तबकडीकडे बघायचंच विसरले.

सकाळच्या मोटारीनं तो गेला. शालूच्या आईनं चौकट आणून दिली. काच लख्ख पुसलेली होती. आत फोटो नव्हता.

घरी काय झालं असेल ते सांगायला नको. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. सोमवारी दुर्गाबाई आल्या, चहा प्याल्या, आणि रिकामी काच तिवशाच्या लोकांना दाखवू का, म्हणून विचारत बसल्या. नवा फोटो काढायला अकोल्याला जायचं, असं बाबांनी ठरवलं. भगवंत फोटो विसरला असेल, असं वाटलं की मला राग येई. विसरला नसेल, असं वाटलं की उगाच दारात जाऊन उभी राही.

दुर्गाबाई अजून बसल्याच होत्या, तेवढ्यात दारात भगवंत उभा राहिला, आणि त्याच्या मागे त्याची आई. बाबा एकदम उठले. "गंगूबाई? तुमी कशा काय?" अकोल्याच्या बाजारात आमची फुलं रोज त्यांच्या भाजीशेजारी उतरत.

गंगूबाईंनी पिशवीतून कागदी पाकीट काढलं.

"शेषरावभाऊ, हा फोटो पोरासंगं आमच्या घरी आला. सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांले पसंत पडला," त्या म्हणाल्या. "वापस द्याले नाही आली मी. पोरगी मागाले आली."

दुर्गाबाईंनी कपबशी खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन दोन कप चहा ठेवला आणि साखर दुप्पट टाकली. आईनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

भगवंत हात धुवायला मागच्या रांजणापाशी आला, तेव्हा मी तांब्या पुढे केला.

"झोपेतसुद्धा पेटीतलं सगळं हातानं समजते म्हणे," मी हळूच म्हटलं. "मंग हे पाकीट कसं विसरले?"

त्यानं पाणी घेतलं, आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून माझी बोटं धरली.

"विसरलो, असं कोणं सांगतलं तुले?"